जोडी जमते कशी, टिकते किती? लावा आणि इतर पक्ष्यांविषयी वाचकांचे प्रश्न

लावा, म्हणजेच बटेर, पाळणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांत ‘जोडी’ हा शब्द सतत येतो. या एका शब्दात दोन गोष्टींची सरमिसळ होते : कोण कोणासोबत राहते ही एक, आणि कोण कोणाशी मीलन करते ही दुसरी. काही पक्ष्यांत दोन्ही जुळतात, बऱ्याच पक्ष्यांत जुळत नाहीत. पाळीव जपानी लाव्यात तर सोबतीला फारसे स्थानच नाही. पिंजऱ्यातल्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ या घोळात असते, म्हणून या वेळचे सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न : जपानी लाव्याचा एक नर आणि एक मादी प्रशस्त पिंजऱ्यात ठेवली आहे. पंधरा दिवसांत मादीच्या डोक्यामागची पिसे गेली, आता कातडी लाल दिसते. दोघांचे पटत नाही का? दुसरा नर आणून पाहू का?

उत्तर : दुसरा नर मुळीच आणू नका. आहे तो नर आधी वेगळा करा, मग पुढचे वाचा.

हे भांडण नाही, मीलनाची पकड आहे. जपानी लाव्याच्या नराचे प्रियाराधन फार थोडक्यात आटोपते. पिसे फुलवून, बोटांवर उंच होत तो ताठपणे मादीकडे येतो, तिच्या डोक्यामागची किंवा मानेवरची पिसे चोचीत पकडतो, पाठीवर चढतो, शेपटी खाली वळवून आपले अवस्कर तिच्या अवस्कराला टेकवतो आणि उतरतो. (अवस्कर म्हणजे विष्ठा, अंडे आणि वीर्य या सगळ्यांसाठी असलेले पक्ष्याचे एकच द्वार.) सगळे काही सेकंदांत संपते. मादी तयार असली की ती दबून बसते आणि पकड हलकी राहते. तयार नसली की ती पळते, नर चोच सोडत नाही आणि पिसे उपटली जातात. उजेडाचे तास भरपूर असतील तर तरणा नर हे दिवसातून कितीतरी वेळा करतो. मादी एकच असेल तर हा सगळा भार तिच्या एकटीच्या मानेवर पडतो.

म्हणून हा पक्षी जोडीने ठेवायचा नसतो. एका नरामागे तीन माद्या हे प्रमाण बहुतेक ठिकाणी बरोबर बसते. दोनपेक्षा कमी माद्या असल्या की जखमा होतात, पाचच्या पुढे गेले की न फळलेली अंडी वाढू लागतात. फक्त खाण्याची अंडी हवी असतील तर नर ठेवूच नका. मादी नराशिवायही तितकीच अंडी घालते.

सध्या मादीची कातडी फुटली आहे का ते पाहा. फुटली असेल तर तिला इतर माद्यांपासूनही वेगळे ठेवा, कारण रक्त दिसले की बाकीच्या तिथेच टोचतात. सौम्य मिठाच्या पाण्याने जखम पुसून कोरडी ठेवा. मुळासकट उपटलेले पीस काही आठवड्यांत परत येते; मधेच तुटलेले मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तसेच राहते. तेव्हा चार आठवड्यांनीही काही जागा बोडक्या दिसल्या तर तो नवा आजार समजू नका.

नर परत सोडताना त्याला त्याच्या जुन्या पिंजऱ्यात ठेवून माद्या आत सोडू नका. ओळखीच्या जागेत हा नर क्षणात चढतो, नव्या जागेत मात्र काही काळ बिचकतो. त्याच्या या बिचकण्याचा फायदा घ्या. तिन्ही माद्यांना आधी दोन-तीन दिवस पिंजऱ्यात रुळू द्या, मग संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर नर सोडा. लपायला फांद्या किंवा खोकी ठेवा, पण खोक्याला दोन तोंडे हवीत. एकाच तोंडाच्या खोक्यात नर मादीला कोंडून धरतो. पिंजऱ्याचे छत एकतर २५ ते ३० सेंटिमीटरच्या आत असावे किंवा दोन मीटरच्या आसपास, तेही मऊ जाळीचे. दचकलेला लावा सरळ वर उसळतो, आणि मधल्या उंचीच्या कडक छतावर डोके फुटते.

प्रश्न : मग निसर्गातले लावेही असेच वागतात का? त्यांची जोडी जमतच नाही?

उत्तर : जमते, पण किती दिवसांसाठी हे जातीवर ठरते, आणि ‘लावा’ या नावाखाली फार वेगवेगळे पक्षी मोडतात.

जपानी लाव्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा सामान्य लावा गवताळ रानात राहतो. त्याचा नर पहाटे आणि रात्री तीन तुकड्यांची हाक देत बसतो. मादी आली की काही दिवस तो तिच्या मागेमागे राहतो आणि दुसऱ्या नराला जवळ फिरकू देत नाही. ती अंड्यांवर बसली की तो निघून जातो आणि पुन्हा हाका सुरू करतो. उबवण आणि पिलांचे सगळे मादी एकटी पाहते. या नात्याची मोजदाद दिवसांतच करावी लागते. याची एक खूण पिंजऱ्यातही दिसते : एकटा ठेवलेला जपानी नर सारखा ओरडतो, मादी मिळाली की ओरडणे बरेच कमी होते.

उत्तर अमेरिकेतला बॉबव्हाइट लावा हिवाळाभर थव्याने राहतो. वसंतात थवा फुटतो आणि जोड्या पडतात. हा पक्षी एकपत्नी असे बराच काळ मानले जाई. अंगावर रेडिओ ट्रान्समीटर बसवून मागोवा घेतल्यावर चित्र बदलले. एकाच हंगामात नरही जोडीदार बदलतात आणि माद्याही, आणि काही घरट्यांवर नर एकटाच बसून १२ ते १६ अंडी सुमारे २३ दिवस उबवतो. पाळताना त्याला जोडीने किंवा एका नरासोबत दोन माद्या असे ठेवतात. वसंताच्या सुरुवातीला थवा वेळेवर वेगळा केला नाही तर नर एकमेकांना जबर जखमी करतात. कॅलिफोर्निया लाव्यात, म्हणजे डोक्यावर पुढे झुकलेला तुरा असणाऱ्यात, आईबाप दोघेही पिलांसोबत राहतात आणि पुढे दोन-तीन कुटुंबे एकत्र येऊन पिले सांभाळतात.

खऱ्या अर्थाने जोडी पाहायची तर इवल्याशा चिनी रंगीत लाव्यात पाहावी. नर निळसर राखाडी, पोट तांबूस, गळ्याशी पांढऱ्या-काळ्या रेघा. त्याला किडा सापडला की तो स्वतः खात नाही. चोचीत धरून, खाली टाकून, पुन्हा उचलून हळू आवाजात मादीला बोलावतो आणि ती येऊन उचलते. दोघे अंगाला अंग लावून झोपतात, एकमेकांची पिसे साफ करतात. याला एका पिंजऱ्यात एकच जोडी. दुसरा नर आत टाकाल तर एक मरेपर्यंत मारामारी होऊ शकते.

या पक्ष्याला बाजारात ‘बटन लावा’ म्हणतात, पण पक्षीशास्त्रात ते नाव टर्निक्स या निराळ्याच कुळाचे आहे. फरक पायावर ओळखा. टर्निक्सला मागचे बोट नसते, पायाला तीनच बोटे. त्यांच्यात मादी मोठी, जास्त रंगीत आणि हाका देणारी. ती एका नराला अंडी देऊन दुसऱ्याकडे जाते, आणि नर १२-१३ दिवस अंडी उबवून पिले वाढवतो. चिनी लाव्यासाठी लिहिलेला सल्ला टर्निक्सला लावला तर सगळेच उलटे होते.

प्रश्न : नराच्या शेपटीखाली लालसर गोळा आला आहे, दाबल्यावर पांढरा फेस येतो. आजार आहे का?

उत्तर : उलट तब्येत उत्तम असल्याची खूण आहे. अवस्कराच्या वरच्या कडेला असलेली ही ग्रंथी फक्त नराला असते आणि दाढीच्या साबणासारखा घट्ट फेस तयार करते. मीलनात वीर्यासोबत हा फेस मादीच्या अंगात जातो, आणि फलनाला त्याची मदत होते असे प्रयोगांत दिसले आहे. साधारण पाच-सहा आठवड्यांच्या वयात ग्रंथी फुगू लागते.

उजेडाचे तास कमी झाले की नराची संप्रेरके उतरतात, ग्रंथी आक्रसते आणि फेस थांबतो. त्यामुळे ही ग्रंथी म्हणजे पाळणाऱ्याच्या हातातले फुकटचे मोजमाप आहे : मोठी, लालसर आणि फेसाळ असेल तर नर कामाचा, बारीक आणि कोरडी असेल तर नाही. तीन आठवड्यांनंतर साध्या रंगाच्या लाव्यात नराची छाती तांबूस आणि मादीची फिकट, काळ्या ठिपक्यांची दिसते. पांढऱ्या किंवा गडद रंगाच्या जातींत छातीवरून कळत नाही, तिथे हीच ग्रंथी उपयोगी पडते. पाहताना पक्षी तळहातावर उताणा धरा, ग्रंथी दोन बोटांत हलकेच दाबा. जोर लावायचा नाही.

प्रश्न : ४ नर आणि १४ माद्या एकाच खोलीत आहेत. मीलन दिसते, फेसही येतो. तरी उबवणी यंत्रात ठेवलेल्या ४० अंड्यांतून ६ पिले निघाली. चूक कुठे शोधू?

उत्तर : आधी न फुटलेली ३४ अंडी फोडून पाहा. ती ‘न फळलेली’ होती की आत पिलू सुरू होऊन मेले, हे कळल्याशिवाय नरांवर संशय घेण्यात अर्थ नाही. लाव्याच्या अंड्याचे कवच डागांचे असते, त्यामुळे दिव्यासमोर धरून आतले नीट दिसत नाही. फोडणे हाच खात्रीचा मार्ग. रक्ताचे कडे, डोळ्याचा काळा ठिपका किंवा तयार पिलू दिसले तर अंडे फळलेले होते, आणि दोष साठवणीत, तापमानात किंवा ओलाव्यात आहे. पिवळा बलक नुसता स्वच्छ असेल तर ते बहुधा फळलेच नव्हते. ‘बहुधा’ अशासाठी की अगदी पहिल्या दिवसात मेलेला गर्भ उबेनंतर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पडताळा घ्यायला ताजी, न उबवलेली आठ-दहा अंडी बशीत फोडा. बलकावर पांढरा ठिपका असतो. न फळलेल्या अंड्यात तो लहान, घट्ट आणि वेड्यावाकड्या कडांचा. फळलेल्यात मोठा, गोल, मध्ये काहीसा पारदर्शक आणि भोवती पांढरे कडे असलेला. दहा-पंधरा अंडी शेजारी शेजारी पाहिली की नजर बसते.

ताजी अंडीच फळलेली नसतील तर पहिला संशय एका खोलीतल्या चार नरांवर. आकड्याने प्रमाण ठीक आहे, पण बळकट नर इतरांना चढू देत नाही. कोणी चढले की धावून येऊन पाडतो. दिसणारे बरेचसे मीलन अर्धवट राहते. आणि हा दांडगा नरच नापीक निघाला तर सगळ्या खोलीची अंडी वाया जातात. चार कप्पे करा, प्रत्येकात एक नर आणि तीन-चार माद्या. दोन आठवड्यांनी प्रत्येक कप्प्यातली अंडी वेगवेगळी फोडा. दोष कोणत्या नरात आहे ते तेव्हाच कळते.

मग पाय पाहा. हे बरेच जण विसरतात. ओल्या भुशावर चालून नराच्या बोटांवर विष्ठेचे गोळे सुकून बसतात. असा पाय मादीच्या पाठीवर ठरत नाही, नर घसरतो आणि अवस्कर टेकतच नाही. गोळे कोमट पाण्यात भिजवून सोडवा. सुके ओढलेत तर नख निघून येते. तारेच्या जाळीवर ठेवलेल्या पक्ष्यांतही हीच अडचण येते, मादीला दबून बसायला पक्का आधार मिळत नाही.

उजेड दिवसाकाठी १४ ते १६ तास हवा, पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर छापील अक्षर सहज वाचता येईल इतका. वाढवायचा तर आठवड्याला अर्धा-एक तास या बेताने, आणि घड्याळाला जोडलेल्या स्विचवर, म्हणजे रोज तीच वेळ राहते. खाद्यात प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम अडीच ते तीन टक्के असावे. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य बहुधा प्रथिनांत कमी पडते. वय दहा आठवडे ते सहा-सात महिने या दरम्यानचे बरे. लावे सहा-सात आठवड्यांतच अंडी घालू लागतात, पण सुरुवातीची अंडी लहान असतात, ती उबवायला घेऊ नका. कडक उन्हाळ्यात पक्षी चोच उघडून धापा टाकत असतील तर फलन घसरणारच. तिथे नर बदलून काही साधत नाही.

गर्भ मेलेले आढळले तर अंडी किती दिवस साठवली ते आधी पाहा. सात दिवसांच्या आतली, १५ अंशांच्या आसपास, टोक खाली करून ठेवलेली अंडी चांगली. यंत्रात ३७.५ अंश, पहिले १४ दिवस दिवसातून निदान तीन-चार वेळा फिरवणे, मग थांबवणे आणि ओलावा वाढवणे. पिले १७व्या-१८व्या दिवशी निघतात.

प्रश्न : जुना नर काढून नवा घातला. आता मिळणारी अंडी कोणाची समजायची?

उत्तर : दोन आठवडे थांबा, मगच उबवणीसाठी उचला.

पक्ष्यांच्या मादीत अंडनलिकेच्या खालच्या भागात सूक्ष्म नळ्या असतात. मीलनातले शुक्राणू तिथे साठून राहतात आणि रोज थोडे थोडे वर जातात. बलक अंडाशयातून सुटला की थोड्याच वेळात, त्यावर पांढऱ्याचा थर चढण्याआधी, फलन व्हावे लागते. म्हणून अंडे घालण्याच्या दिवशी मीलन झालेच पाहिजे असे नाही. जपानी लाव्यात हा साठा आठ-दहा दिवस पुरतो, कोंबडीत दोन-तीन आठवडे, टर्कीत तर दहा आठवड्यांपर्यंत. नर काढल्यावरही आठवडाभर फळलेली अंडी मिळतात ती यामुळेच. दोन नरांचे शुक्राणू एकत्र असतील तर सहसा शेवटच्या नराचा वाटा मोठा असतो, पण ‘सहसा’वर वंशावळ लिहिता येत नाही.

मादी आधी नराशिवाय असेल आणि पहिलाच नर घातला असेल तर चार-पाच दिवस पुरे.

प्रश्न : नर एकमेकांवरच चढतात. वेगळे करावे का?

उत्तर : जपानी लाव्यात हे नेहमीचे आहे, फक्त नर ठेवलेल्या कप्प्यात तर जास्तच. थोडा जोर दाखवणे, थोडी न भागलेली वासना. एकच नर सतत खाली सापडत असेल, त्याचे डोके सोलले असेल किंवा तो कोपऱ्यात बसून दाण्याकडे येत नसेल तर त्याला काढा. फक्त नरांच्या कप्प्यात उजेड आठ-दहा तासांवर आणला की काही आठवड्यांत चढणे आणि भांडणे दोन्ही निवळतात.

प्रश्न : लावा मादी खुडूक होईल का? तिच्याकडूनच पिले काढायची आहेत.

उत्तर : जपानी लाव्याच्या बाबतीत आशा ठेवू नका. पिढ्यान्‌पिढ्या जास्त अंड्यांसाठी निवड झाल्याने खुडूक बसणे जवळजवळ निघून गेले आहे. क्वचित एखादी बसते, तीही दाट गवत असलेल्या शांत, मोठ्या जागेत. चिनी रंगीत लाव्याची मादी मात्र आडोसा मिळाला तर बसते आणि १६-१७ दिवसांत पिले काढते. नर जवळ उभा राहून पहारा देतो.

प्रश्न : झेब्रा फिंच आणि कबुतरे यांच्या जोड्या आपण ठरवाव्यात की त्यांना ठरवू द्याव्यात?

उत्तर : शक्य असेल तिथे त्यांना ठरवू द्या. हे भावनेपोटी म्हणत नाही. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये झेब्रा फिंचवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पक्ष्यांना जोडीदार निवडू दिला. काहींच्या जमलेल्या जोड्या मोडून त्यांना दुसऱ्यासोबत ठेवले. पसंतीच्या जोड्यांची ३७ टक्के जास्त पिले जगली. लादलेल्या जोड्यांत न फळलेली अंडी जास्त होती, आणि अंड्यांतून निघालेली पिले पहिल्या दोन दिवसांतच जास्त दगावत होती, कारण नर घरट्यात कमी लक्ष देत होते.

करायचे काय? सहा-आठ नर आणि तितक्याच माद्या एका मोठ्या पिंजऱ्यात दोन-तीन आठवडे घरट्याविना ठेवा. कोण कोणाजवळ झोपते, कोण कोणाची पिसे साफ करते ते टिपा. रात्री अंगाला अंग लावून बसणारी दोन पाखरे म्हणजे जोडी. त्यांना उचलून स्वतंत्र पिंजऱ्यात घरटे द्या. पायात रंगीत कडी असतील तर टिपणे सोपे जाते.

कबुतरांत विशिष्ट रंगासाठी किंवा उड्डाणासाठी जोडी लावावीच लागते, आणि हा पक्षी त्याला बराच राजी असतो. दोन कप्प्यांच्या खोक्यात मधे जाळी घालून नर-मादी शेजारी ठेवा. नर घुमत गोल फिरेल. मादी मान हलवून प्रतिसाद देऊ लागली आणि दोघे जाळीतून चोच लावू लागली की जाळी काढा. याला कधी दोन दिवस लागतात, कधी दहा. जुना जोडीदार नजरेच्या किंवा आवाजाच्या टप्प्यात असेल तर नवी जोडी जमत नाही. या खटाटोपात सर्वांत जास्त वेळा नेमके इथेच चुकते. जमल्यावर नर मादीला टोचत घरट्याकडे हाकतो. अंड्याआधीच्या दिवसांत हे वाढते, ते भांडण समजून त्यांना वेगळे करू नका. साधारण दहा दिवसांत पहिले अंडे येते, दुसरे त्यानंतर सुमारे ४४ तासांनी. उबवताना सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत नर बसतो, बाकीचा वेळ मादी.

प्रश्न : कबुतराच्या घरट्यात चार अंडी आहेत, एकही फळले नाही.

उत्तर : ती दोन माद्यांची जोडी आहे. कबुतराची मादी एका वेळी दोनच अंडी घालते. नर कमी असले की दोन माद्या जोडी करतात, घरटे बांधतात, पाळीपाळीने बसतातही. लव्हबर्डमध्येही घरट्यात नेहमीच्या दुप्पट अंडी दिसली तर हाच अर्थ घ्या. तिथे नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे पिसावरून डीएनए चाचणी करून घेणे बरे.

प्रश्न : सारस, हंस, अल्बट्रॉस जन्मभर एकनिष्ठ राहतात आणि जोडीदार गेला की झुरून मरतात, हे कितपत खरे?

उत्तर : सोबत दीर्घ असते हे खरे. झुरून मरण्याबद्दल म्हणाल तर अल्बट्रॉसचे एक उदाहरण पुरेसे आहे. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर ‘विज्डम’ नावाची लेसन अल्बट्रॉस मादी आहे. तिच्या पायात १९५६ मध्ये कडे घातले गेले. एवढ्या आयुष्यात तिने एकाहून अधिक जोडीदार पाहिले. अनेक वर्षांचा जोडीदार दिसेनासा झाल्यावर काही वर्षांनी तिने नवा नर स्वीकारला आणि २०२४ च्या अखेरीस, सत्तरी ओलांडल्यावर, अंडे घातले. सारसही जोडीदार गेल्यावर दुसरा करतात. एकटा उरलेला पक्षी काही काळ हाका देतो, जुन्या जागी फिरतो. त्याला काहीच होत नाही असे म्हणणेही चूक ठरेल.

एकनिष्ठेचे उत्तर आणखी गुंतागुंतीचे आहे. पक्ष्यांच्या ९० टक्क्यांहून जास्त जाती जोडीने राहतात असा अंदाज ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९६८ मध्ये मांडला. पुढे पिलांची जनुकीय तपासणी होऊ लागली आणि जोडीने राहणाऱ्या जातींत सरासरी दहातल्या एकाहून जास्त पिलाचा बाप घरट्यातला नर नसतो असे आढळले. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरीरेन या चिमुकल्या निळ्या पक्ष्यात तर बहुसंख्य पिले बाहेरच्या नरांची असतात, आणि तरीही जोडी वर्षानुवर्षे एकत्र राहते. उलट अमेरिकेतल्या काळ्या गिधाडांच्या तपासणीत जोडीबाहेरचे एकही पिलू सापडले नाही. सोबत आणि मीलन या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात त्या यासाठी.

नाते किती टिकते हे बऱ्याच अंशी पिलांच्या गरजेवर ठरते. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. फटीतून नर खाऊ घालतो. तो गेला तर मादी आणि पिले दोन्ही धोक्यात, म्हणून तिथे नराला पळवाट नाही. कबुतराची पिले आईबापांच्या अन्नपिशवीत तयार होणाऱ्या दुधावर वाढतात, दोघेही लागतात. लाव्याचे पिलू मात्र अंड्यातून निघाल्यावर काही तासांत चालते आणि स्वतः दाणे टिपते. ऊब द्यायला एक आई पुरते, मग नराला थांबण्याचे कारण उरत नाही. सुगरणीचा नर अर्धे घरटे विणतो, मादीने पसंत केले की पूर्ण करतो आणि पुढच्या घरट्याला लागतो. कमळपक्ष्यात हेच उलट : मादी एकामागून एक नरांना अंडी देते आणि ते ती उबवतात. हंस आणि राजहंस या नियमात बसत नाहीत. त्यांची पिलेही लगेच चालतात, पण जोडी अनेक वर्षे टिकते. दोघांनी मिळून जागा राखणे आणि पिलांना सोबत घेऊन लांबचा प्रवास करणे यात त्याचे कारण दडलेले असावे.

प्रश्न : एकाच उबवणीतले भाऊ-बहीण लावे एकत्र ठेवले तर ते आपोआप मीलन टाळतात का?

उत्तर : त्यांच्यावर विसंबू नका. केंब्रिजचे पॅट्रिक बेट्सन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जपानी लाव्यांनी सोबत वाढलेल्या भावंडांपेक्षा आणि अगदी परक्यांपेक्षा चुलत भावंडांजवळ जास्त वेळ घालवला. म्हणजे लहानपणी पाहिलेल्या रूपापेक्षा थोडे वेगळे रूप त्यांना आवडते. पण ही निवड करायला वाव असतानाची गोष्ट. कप्प्यात बहिणीच असतील तर नर त्यांच्यावरच चढतो.

आणि या पक्ष्याला जवळच्या रक्ताचा फटका लवकर बसतो. भाऊ-बहिणींचे मीलन चालू ठेवले तर दोन-तीन पिढ्यांतच फलन घटते, पिले अंड्यात मरतात, जगलेली अशक्त निघतात. उपाय सोपा आहे : क, ख, ग असे निदान तीन गट ठेवा. क गटाचे मुलगे ख च्या माद्यांना, ख चे ग ला, ग चे क ला. मुली आपापल्याच गटात राहतात. दर पिढीला हीच दिशा ठेवा, गटागणिक कड्याचा रंग ठरवा आणि नोंदवही ठेवा. चार-पाच पिढ्यांनी एखादा नर बाहेरून आणा, तोही महिनाभर वेगळा ठेवून.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातल्या प्रयोगांत आणखी एक गंमत दिसली होती : एखाद्या नराला दुसऱ्या मादीशी मीलन करताना पाहिले की पाहणाऱ्या मादीला तो जास्त आवडू लागतो. नवा नर माद्यांना बुजत असेल तर तो एका तयार मादीसोबत जाळीपलीकडे दोन दिवस ठेवून पाहायला हरकत नाही.

प्रश्न : हातावर वाढवलेला लावा नर माझ्या हातावरच चढतो, माद्यांकडे पाहतही नाही.

उत्तर : पिलू असताना त्याने लावा पाहिला नाही, हात पाहिला, पुढे जोडीदार म्हणून तो हातच शोधतो. रागावू नका, हात झटकूही नका. तो चढू लागला की हात शांतपणे बाहेर घ्या आणि त्या वेळी दाणाही देऊ नका. दाणा-पाणी तो दुसऱ्या बाजूला असताना भरा. त्याला दोन-तीन अनुभवी माद्यांशेजारी, मधे जाळी ठेवून, दोन आठवडे राहू द्या. माद्या जाळीजवळ येऊन बसू लागल्या की जाळी काढा. काही नर यातून सुधारतात, काही आयुष्यभर हाताचेच राहतात. अशा नराला पैदाशीत घेऊ नका, वेगळा पण इतर लाव्यांच्या आवाजात ठेवा. पुढच्या वेळी पिले हातावर वाढवायची झालीच तर एकटे वाढवू नका, निदान तीन-चार एकत्र ठेवा.